धाप लागणाऱ्या रुग्णाची एमआरसीपी : जलद सिक्वेन्स कोणता निवडावा?

प्रश्न विचारणार : चुंबककक्ष

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका निदान केंद्रात मी नऊ वर्षे एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करत आहे. आमचे यंत्र १.५ टेस्लाचे आणि बरेच जुने आहे. पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका यांच्या तपासणीसाठी, म्हणजे एमआरसीपीसाठी, आम्ही पोटावर श्वासपट्टा बांधून श्वासाशी जुळवलेला त्रिमितीय सिक्वेन्स (चित्रणाचा ठरावीक क्रम) घेतो. पडद्यावर त्याची वेळ साडेचार मिनिटे दिसते. शांत श्वास घेणाऱ्या रुग्णात तो साधारण तेवढ्यातच पूर्ण होतो आणि चित्रही सुरेख येते.

मागच्या आठवड्यात अडुसष्ट वर्षांच्या एक आजी आल्या होत्या. चुलीच्या धुरात आयुष्य गेल्यामुळे त्यांना दम्यासारखा जुना विकार आहे आणि झोपवल्याबरोबर धाप लागते. डोळे पिवळे, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे द्रव्य) ३.१, पित्ताशयात खडे. सोनोग्राफीत सामाईक पित्तनलिका ९ मिलिमीटर रुंद दिसली होती, परंतु आतड्यातील वायूमुळे तिचे खालचे टोक दिसले नव्हते. आमचा त्रिमितीय सिक्वेन्स अकरा मिनिटे चालूनही नलिकेच्या जागी नुसता पांढरा धुरकट पट्टा आला, आणि शेवटी आजींनी हातातला इशाऱ्याचा फुगा दाबून बाहेर काढण्याची विनंती केली. अहवालात ‘हालचालीमुळे प्रतिमा निदानयोग्य नाही’ असे लिहावे लागले. त्यांचा मुलगा एक दिवसाची मजुरी बुडवून त्यांना घेऊन आला होता, ही गोष्ट मला फार लागली आहे.

यंत्राच्या कंपनीचे अभियंते म्हणतात की, ‘कम्प्रेस्ड सेन्सिंग’चे, म्हणजे थोड्या मोजमापांतून चित्र बांधण्याचे, पॅकेज घेतल्यास हीच तपासणी एका श्वासात होईल. पॅकेज महाग आहे आणि आमच्या मालकांनी माझे मत विचारले आहे. एका श्वासात घेतलेल्या या चित्रावर खडा आहे किंवा नाही हे सांगण्याइतका विश्वास ठेवता येतो का, आणि अशा आजींसाठी ते खरोखरच उपयोगी पडेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : यकृतछेद (रेडिऑलॉजिस्ट)

आपण प्रश्न मोकळेपणाने मांडलात याबद्दल आभार. आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण पैसे त्यावर ठरणार आहेत. कम्प्रेस्ड सेन्सिंगने केलेली एका श्वासातील त्रिमितीय एमआरसीपी सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस सेकंदांची असते, आणि ज्या बाईंना पाच सेकंदही श्वास रोखता येत नाही त्यांच्यासाठी सतरा सेकंदांचा सिक्वेन्स हा अकरा मिनिटांच्या सिक्वेन्सइतकाच निरुपयोगी आहे. ‘जलद’ या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक तंत्र रुग्णाला श्वास रोखायला लावून मिनिटांचे काम सेकंदांवर आणते. दुसरे तंत्र एकेक चित्र इतक्या थोड्या वेळात टिपते की रुग्णाने श्वास रोखला काय आणि न रोखला काय, फारसे बिघडत नाही. आजींना दुसऱ्याची गरज होती, आणि ते तंत्र आपल्या जुन्या यंत्रात आजही आहे.

मी सिंगल-शॉट सिक्वेन्सविषयी बोलत आहे. कंपनीप्रमाणे त्याला हेस्ट किंवा सिंगल-शॉट फास्ट स्पिन एको म्हणतात. एका उत्तेजनानंतर (रेडिओ लहरींच्या एका धक्क्यानंतर) प्रतिध्वनींची, म्हणजे परत येणाऱ्या संकेतांची, लांब मालिका घ्यायची, अर्ध्याहून थोडी अधिक माहिती गोळा करायची आणि उरलेली गणिताने भरायची, असे त्याचे स्वरूप आहे. एक छेद एका सेकंदाच्या आत पूर्ण होतो. त्याच कुळातील जाड स्लॅब घेतला, म्हणजे ४० ते ५० मिलिमीटर जाडीचा एकच तुकडा सुमारे ८०० ते १००० मिलिसेकंदांच्या टीईवर (उत्तेजनापासून संकेत मोजेपर्यंतचा काळ), तर पित्तनलिकांचे अख्खे जाळे एका चित्रात उभे राहते. यकृताच्या ऊतींचा टी-टू, म्हणजे संकेत विझत जाण्याचा काळ, १.५ टेस्लावर पन्नास मिलिसेकंदांहूनही कमी असतो, तर पित्तासारख्या स्थिर द्रवाचा त्याच्या कितीतरी पट अधिक. त्यामुळे एवढा वेळ थांबल्यावर यकृत काळे पडते आणि फक्त द्रव चमकत राहतो. लांब मालिकेमुळे इतर अवयवांत जो धूसरपणा येतो तो पित्तात जवळजवळ येत नाही, कारण पित्ताचा संकेत मालिका संपेपर्यंत टिकून असतो. घाईचे तंत्र शरीरात फार थोड्या ठिकाणी इतके निर्धास्तपणे वापरता येते.

अशा रुग्णात मी पुढीलप्रमाणे सांगतो. पित्तनलिकेभोवती पंख्यासारखे फिरवत सात-आठ जाड स्लॅब घ्यावेत आणि दोन चित्रांमध्ये काही सेकंद जाऊ द्यावेत, नाहीतर द्रवाचा संकेत सावरत नाही आणि दुसरे चित्र फिके येते. त्यानंतर ३ ते ४ मिलिमीटरचे पातळ सिंगल-शॉट छेद आडवे आणि कोरोनल (समोरून पाहिल्यासारखे उभे) अशा दोन्ही दिशांनी घ्यावेत. श्वास चालू असताना दोन छेदांमधला एखादा भाग निसटतो, म्हणून तेच छेद पुन्हा एकदा घ्यावेत. सगळे मिळून फार तर तीन-चार मिनिटे लागतात.

आता विश्वासाचा प्रश्न. खडा नेहमी पातळ छेदांवरच शोधावा. जाड स्लॅबमध्ये, तसेच त्रिमितीय चित्राच्या मिप प्रक्षेपणात (सर्वांत चमकदार बिंदू एकावर एक दाखवणाऱ्या चित्रात), खड्याच्या पुढे-मागे असलेले पांढरे पित्त त्याला झाकून टाकते आणि लहान खडा चित्रातून सरळ नाहीसा होतो. उलट दिशेची फसवणूकही तितकीच होते. यकृताची उजवी धमनी नलिकेला ओलांडते त्या ठिकाणी अरुंदपणाचा भास होतो; नलिकेतील हवेचा बुडबुडा खड्यासारखा काळा दिसतो, परंतु आडव्या छेदात तो वरच्या बाजूला तरंगतो आणि खडा तळाशी बसतो; खालच्या टोकाचा स्नायू आकुंचन पावलेला असला तर तेथे खडा अडकल्यासारखी अर्धगोल कड दिसते, आणि थोड्या वेळाने घेतलेल्या चित्रात ती नाहीशी होते. यातल्या शेवटच्या फसवणुकीवर जाड स्लॅब पुन्हा पुन्हा घेणे हाच उपाय आहे, आणि तो दोन सेकंदांचा असल्यामुळेच तो करता येतो.

उत्तर : कंपनसंख्या

मी परदेशात एमआरआय प्रतिमांच्या पुनर्रचनेवर काम करतो. रुग्ण पाहत नाही, त्यामुळे फक्त यंत्राच्या आत काय घडते तेवढेच सांगतो. यकृतछेद सरांच्या उत्तराशी मी सहमत आहे, तरीही पॅकेजची बाजू थोडी नीट मांडली जावी असे वाटते.

वेग वाढवण्याच्या वाटा या क्षेत्रात एकामागून एक उघडत गेल्या. १९८६ साली जर्मनीत फ्रायबुर्ग येथे युर्गेन हेनिग आणि सहकाऱ्यांनी एका उत्तेजनानंतर अनेक प्रतिध्वनी वापरण्याची ‘रेअर’ पद्धत मांडली. आजची प्रत्येक एमआरसीपी तिचीच वंशज आहे. १९९१ मध्ये जर्मनीतूनच पित्तनलिकांच्या एमआर चित्रणाचा पहिला शोधनिबंध आला. पुढे १९९९ मध्ये झुरिकच्या प्रूसमन यांच्या गटाने ‘सेन्स’ ही पद्धत प्रसिद्ध केली. अनेक कॉइल (संकेत टिपणारी वेटोळी) एकाच वेळी ऐकत असतात आणि प्रत्येक कॉइलला शरीर किंचित वेगळे दिसते, या गोष्टीचा उपयोग करून तिने अर्ध्या माहितीत पूर्ण चित्र बांधले. मात्र तेथे किंमत मोजावी लागते. वेळ अर्धी केली की संकेत-गोंगाट गुणोत्तर किमान १.४ पटींनी घसरते, आणि कॉइलची मांडणी प्रतिकूल असेल तर शरीराच्या मध्यभागी, म्हणजे नेमके स्वादुपिंडाच्या परिसरात, ते आणखी घसरते.

कम्प्रेस्ड सेन्सिंगचा एमआरआयमधील पाया २००७ च्या लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांच्या लेखाने घातला. कल्पना अशी की, चित्रात खरी माहिती थोड्याच जागी असेल तर मोजमापेही थोडीच पुरतात. अट एवढीच की ती मोजमापे ठरावीक अंतराने न घेता विखरून घ्यावीत, म्हणजे न मोजल्यामुळे येणारा दोष ठसठशीत सावल्यांच्या रूपाने न येता गोंगाटासारखा पसरतो, आणि मग संगणक फेऱ्यांमागून फेऱ्या करून तो गाळून काढतो. काळ्या पार्श्वभूमीवर काही चमकत्या नळ्या, एवढेच एमआरसीपीचे चित्र असते. या पद्धतीला याहून अनुकूल चित्र पोटात दुसरे नाही, म्हणूनच पूर्ण माहितीच्या एक दशांशाहूनही कमी मोजून चित्र उभे राहू शकते. परंतु गाळताना चाळणीतून काय निसटते हे लक्षात ठेवावे. मोठ्या नलिका उत्तम राहतात. यकृताच्या कडेच्या बारीक फांद्या, ज्यांचा संकेत मुळातच गोंगाटाच्या पातळीजवळ असतो, त्या गोंगाट समजून पुसल्या जाण्याचा धोका असतो. ३ टेस्लावर मूळ संकेत अधिक असल्याने हा धोका कमी, आपल्या १.५ टेस्लावर तो अधिक, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील चित्रे कोणत्या यंत्रावर काढली आहेत हे आवर्जून विचारावे.

ग्रेस नावाचा आणखी एक सिक्वेन्स काही यंत्रांवर असतो, तोही सुमारे वीस सेकंदांत त्रिमितीय चित्र देतो. स्पिन एकोच्या मधल्या जागेत तो ग्रेडियंट एको (चुंबकक्षेत्रातील बिघाडाला हळवा असणारा प्रतिध्वनी) बसवतो, त्यामुळे हवेच्या शेजारी तो बिघडतो. ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) वायू असेल तर नलिकेच्या खालच्या टोकाशीच दोष येतो, आणि आपल्याला नेमके तेच टोक पाहायचे असते.

हल्ली डीप लर्निंगने पुनर्रचना करण्याची पॅकेजेही पुढे केली जातात. गोंगाट कमी करण्यात ती खरोखर प्रभावी आहेत आणि माझे रोजचे काम त्याच दिशेचे आहे. तरीही २०२० च्या फास्टएमआरआय या जलद पुनर्रचनेच्या स्पर्धेत मेंदूच्या चित्रांत मुळात नसलेल्या रचना उमटल्याचे परीक्षक रेडिऑलॉजिस्टांनी नोंदवले होते. चार मिलिमीटरच्या काळ्या ठिपक्यावर रुग्णाचे पुढचे पाऊल ठरणार असेल तर प्रक्रिया न केलेले चित्रही जपून ठेवावे, असे मी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगत असतो.

उत्तर : पिवळेपण (पोटविकारतज्ज्ञ)

या चर्चेत एक गोष्ट माझ्या बाजूने जोडतो. कोणता सिक्वेन्स हे ठरवण्याआधी चित्राला कोणता प्रश्न विचारला आहे हे पाहावे, आणि तो प्रश्न चिठ्ठीवर लिहिणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसते ‘एमआरसीपी’ लिहिलेले असते, हे आमच्याकडून चुकतेच.

आजींचेच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या एंडोस्कोपी संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोनोग्राफीत नलिकेतला खडा प्रत्यक्ष दिसला असता, नलिकेत पू होऊन ताप आला असता, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर आणि त्याबरोबर नलिकाही रुंद असती, तर त्यांना थेट ईआरसीपीकडे (तोंडातून दुर्बीण घालून नलिका तपासण्याच्या व खडा काढण्याच्या प्रक्रियेकडे) पाठवणे योग्य ठरले असते. बिलिरुबिन ३.१ आणि नलिका ९ मिलिमीटर, म्हणजे त्या मधल्या गटात येतात. या गटात आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली सोनोग्राफी) करायची, कारण ईआरसीपी ही निरुपद्रवी तपासणी नव्हे. तिच्यानंतर काही रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह होतो आणि क्वचित तो जिवावर बेततो. नलिकेत खडा नसताना ईआरसीपी केली गेली, तर नको असलेला धोका आपणच रुग्णाच्या अंगावर घातल्यासारखे होते. म्हणून ‘खडा आहे की नाही’ एवढेच मला हवे असते आणि त्यासाठी चांगले सिंगल-शॉट छेद पुरतात. यकृतातील फांद्यांच्या शेवटापर्यंतचे चित्र तेव्हा नसले तरी चालते.

याउलट प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिसचा (नलिका जागोजागी अरुंद करणाऱ्या जुनाट दाहाचा) संशय असेल, यकृतदात्याच्या नलिकांची रचना पाहायची असेल, किंवा स्वादुपिंडातील द्रवाची गाठ मुख्य नलिकेला जोडलेली आहे का हे ठरवायचे असेल, तर मला बारीक फांद्याच पाहायच्या असतात. तेथे घाई करू नये. अशा रुग्णाला मी चांगल्या त्रिमितीय चित्रासाठी दोनशे किलोमीटर दूर पाठवीन, पण एका श्वासातल्या धूसर चित्रावर निदान लिहिणार नाही.

आणि खडा तीन-चार मिलिमीटरहून लहान असेल तर सर्वोत्तम एमआरसीपीतही तो चुकू शकतो. चित्र स्वच्छ, पण कावीळ उतरत नाही, असे झाल्यास एंडोस्कोपिक सोनोग्राफी करावी. ‘एमआरआयमध्ये काही नाही’ हे वाक्य मी रुग्णाला कधीही शेवटचे म्हणून सांगत नाही.

उत्तर : गाभारा_कॉइल

चुंबककक्ष दादा, मीही तंत्रज्ञच आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी बारा वर्षे झाली. वरच्या सरांनी शास्त्र सांगितले आहे. मी टेबलाजवळच्या गोष्टी सांगते, कारण माझ्या अनुभवात निम्म्या खराब एमआरसीपी सिक्वेन्समुळे नव्हे, तयारीमुळे खराब होतात.

यंत्रातून येणारी ध्वनिमुद्रित सूचना बंद करून ठेवा. आमच्याकडे ती इंग्रजीत होती, नंतर हिंदीत आली. शेतावरून आलेल्या आजीला दोन्ही परक्या. ‘श्वास रोखा’ म्हटले तरी काही जणी छाती फुगवून ताठ होतात. मी स्वतः माइकवर ‘दम सोडा, अजून सोडा, आता तस्संच राहा’ असे बोलते, आणि टेबल आत नेण्यापूर्वी बाहेरच तीन वेळा सराव करून घेते. श्वास सोडलेल्या अवस्थेत डायफ्रॅम (श्वासपटल) दर वेळी जवळपास त्याच जागी येतो, त्यामुळे छेद जुळतात. धाप असणाऱ्यांना मात्र श्वास घेऊन रोखणे सोपे जाते, तेथे हट्ट धरू नये. सरावात मनातल्या मनात आकडे मोजावेत: वीसपर्यंत जाणाऱ्याला एका श्वासाचा सिक्वेन्स, शांत आणि नियमित श्वास घेणाऱ्याला श्वासाशी जुळवलेला, आणि पाचच्या आत दम सुटणाऱ्याला सरळ सिंगल-शॉट. हे बाहेरच ठरले तर आतले अकरा मिनिटांचे हाल वाचतात.

श्वासपट्टा स्तनांखाली न बांधता पोट जेथे सर्वाधिक हलते तेथे बांधावा. जलद श्वासाच्या रुग्णात प्रत्येक श्वासाला चित्रण केले तर द्रवाचा संकेत सावरायला वेळ मिळत नाही. एकाआड एका श्वासाला चित्रण करण्याची सोय आपल्या यंत्रात आहे का ते पाहा. वेळ वाढतो, परंतु साठीच्या आतल्या, नुसत्या घाबरलेल्या रुग्णात मला याचा चांगला उपयोग झाला आहे.

चार ते सहा तासांचा उपवास काटेकोर पाळावा, नाहीतर जठरातले पाणीही पित्ताइतकेच चमकते आणि नलिकेवर येऊन बसते. तरीही आतड्यात द्रव दिसलाच, तर अननसाचा रस द्यावा. त्यातील मँगनीजमुळे हा द्रव चित्रात काळा पडतो. मी तपासणीच्या दहा-पंधरा मिनिटे आधी देते. मधुमेही रुग्णांना मात्र डॉक्टरांना विचारूनच. प्रत्येक कंपनीच्या रसात मँगनीज सारखे नसते, म्हणून मी एका बाटलीत थोडा रस घेऊन फँटमसारखा (चाचणीच्या नमुन्यासारखा) यंत्रात ठेवून पाहिला होता. जो सर्वांत काळा आला तोच आम्ही वापरतो.

शेवटचे, अशा आजींना पूर्ण आडवे करू नका. गुडघ्यांखाली उंच उशी, डोक्याखाली कॉइलच्या मर्यादेत जेवढी बसेल तेवढी उशी, ऑक्सिजनची नळी एमआरआयला चालणारी, आणि नातेवाइकाची आधी पूर्ण तपासणी करून त्याला आत पायाशी उभे करावे. मुलाचा हात पायावर असला की श्वास आपोआप उतरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : चुंबककक्ष

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमशी बोललो आणि मालकांच्या संमतीने आजींना पुन्हा शुल्क न घेता बोलावले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे उशा लावल्या, मुलाला पायाशी उभे केले, ध्वनिमुद्रण बंद केले. सराव घेतला तर आजी चारपर्यंत पोहोचल्या. आठ जाड स्लॅब आणि दोन्ही दिशांचे पातळ सिंगल-शॉट छेद दोन वेळा घेतले; टेबल आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत नऊ मिनिटे लागली आणि त्यांनी फुगा दाबला नाही. जाड स्लॅबमध्ये नलिका फक्त रुंद दिसत होती, खडा दिसत नव्हता. पातळ कोरोनल छेदांत खालच्या टोकापासून थोडे वर सहा मिलिमीटरचा काळा ठिपका होता, आडव्या छेदात तो तळाशी बसलेला होता आणि दुसऱ्या फेरीतही त्याच जागी होता. मॅडमनी अहवालात कोणता सिक्वेन्स वापरला आणि बारीक फांद्यांवर भाष्य करता येत नाही, हेही स्पष्ट लिहिले. आजींना ईआरसीपीसाठी शहरात पाठवले आहे.

पॅकेजविषयी मालकांना मी असे कळवले आहे की, धाप लागणाऱ्या रुग्णांसाठी ते घेऊ नये. मात्र ज्यांना वीस सेकंद श्वास रोखता येतो, पण ज्यांचा श्वास अनियमित असल्यामुळे आमचा त्रिमितीय सिक्वेन्स लांबतो, असे रुग्ण आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी असतात आणि त्यांच्यासाठी त्याचा विचार व्हावा. अभियंत्यांनी चाचणीपुरता परवाना देण्याचे मान्य केले आहे. आमच्याच १.५ टेस्लाच्या यंत्रावर, एकाच रुग्णात दोन्ही पद्धती, आणि मिप नव्हे तर मूळ छेद शेजारी शेजारी ठेवून मॅडम पाहणार आहेत. कंपनसंख्या सर, यकृताच्या कडेच्या फांद्या मोजताना नेमक्या कोणत्या पातळीपर्यंतच्या मोजाव्यात, हे आपण सांगितलेत तर तक्ता आधीच आखून ठेवता येईल.

उत्तर : कंपनसंख्या

उजवी आणि डावी मुख्य नलिका, त्यानंतरच्या दुसऱ्या पातळीच्या फांद्या, आणि स्वादुपिंडनलिकेचे डोके, मध्य व शेपूट असे वेगवेगळे रकाने ठेवा आणि प्रत्येकाला चारपैकी गुण द्या. गुण देताना कोणते चित्र कोणत्या पद्धतीचे आहे हे मॅडमना कळू देऊ नये. चित्रांवरची नावे आणि वेळ झाकण्याचे काम आपण करावे. दहा-बारा रुग्ण झाले की तक्ता येथे टाका, दुसऱ्या पातळीच्या फांद्यांचा रकाना मी सर्वांत आधी पाहीन.